शेजारच्या बाकावरची कुजबुज: पाच भाषांच्या एका ऑनलाइन वर्गाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पदव्युत्तर पहिल्या सत्राचा वर्ग. विषय संशोधन पद्धती आणि त्यातलं प्राथमिक संख्याशास्त्र. बारा आठवडे, आठवड्याला ९० मिनिटांच्या दोन तासिका, सगळं ऑनलाइन. ४७ विद्यार्थी आणि शिकवणारी मी. माध्यम इंग्रजी, अंतिम परीक्षाही इंग्रजीत. त्यात बदल करण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

विद्यार्थ्यांच्या मातृभाषा पाच. प्रवेश अर्जांवरून मोजलं तर गट पडत होते १९, १२, ९, ५ आणि २ जणांचे. पहिल्या दोन भाषा मला येतात. उरलेल्या तीन येत नाहीत, आणि त्यातल्या एकीची लिपीसुद्धा मला वाचता येत नाही.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि भाषांची नावं गाळली आहेत. शब्दांचे घोटाळे त्या त्या भाषेत झाले, पण इथे उदाहरणं मराठीतली दिली आहेत. घोटाळ्याची जात तीच.

अडचण

चौथ्या आठवड्यापर्यंत वर्ग बरा चालला आहे असं मला वाटत होतं. "समजलं ना?" असं विचारलं की चॅटमध्ये "येस मॅम"ची रांग लागायची. कॅमेरे बंद असायचे, कारण बरेच जण मोबाइलवर होते आणि डेटा पुरवून वापरावा लागायचा. त्यावरून मी कधी कुणाला टोकलं नाही.

मग पहिली चाचणी झाली. आकडेमोड जवळजवळ सगळ्यांची बरोबर. त्याखाली एक छोटा प्रश्न होता: पी-मूल्य ०.०३ आलं, याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा. अर्ध्याहून जास्त उत्तरं चुकीची होती, आणि चुका ठरावीक साच्यातल्या. "निकाल खूप महत्त्वाचा आहे." "शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता तीन टक्के आहे." एकाने प्रमाण त्रुटीवर, म्हणजे नमुना बदलला की सरासरी किती हलेल त्याच्या मापावर, परिच्छेदभर लिहिलं होतं, की संशोधकाने मोजमापात चूक केलेली दिसते, पुढच्या वेळी त्याने काळजी घ्यावी. इंग्रजी निर्दोष होतं.

पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना ('मुळात काही फरक किंवा परिणाम नाहीच' हे गृहीतक) खरी धरली तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची संभाव्यता. हे वाक्य कुठल्याही भाषेत सरळ नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये निवेदन काढून सांगावं लागलं होतं की, पी-मूल्य म्हणजे परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता नव्हे, आणि सांख्यिकीय सार्थकता म्हणजे निकालाचं महत्त्व नव्हे. ते निवेदन प्रामुख्याने इंग्रजीत लिहिणाऱ्या संशोधकांसाठी होतं. म्हणजे मुलांचं इंग्रजी कच्चं म्हणून ती चुकतात, हे निदान पुरेसं नव्हतं. तरी पहिल्या दोन दिवसांत मी तेच केलं, हे कबूल करायला हवं.

तपास

मी सहा विद्यार्थ्यांना एकेक करून सांगितलं: हेच उत्तर दोन मिनिटांच्या ध्वनिसंदेशात, हव्या त्या भाषेत समजावून सांगा. त्यातले चार माझ्या कळणाऱ्या भाषांतले होते. उरलेल्या दोघांचे संदेश त्या भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्यांकडून ऐकून घेतले.

सहा जणांत तीन वेगळ्या अडचणी निघाल्या. दोघांना संकल्पना चांगली कळली होती, पण लिहिताना इंग्रजी वाक्य जुळत नव्हतं. दोघांचं इंग्रजी सफाईदार होतं आणि आत काहीच नव्हतं. माझ्याच स्लाइडवरची वाक्यं थोडी हलवून त्यांनी परत दिली होती. उरलेल्या दोघांनी आपल्या भाषेतला प्रतिशब्द घेतला होता आणि तो शब्द त्यांना हात धरून भलतीकडे घेऊन गेला होता.

या तिसऱ्या गटाने माझी झोप उडवली. मराठीतच बघा. 'सिग्निफिकंट'चा संख्याशास्त्रातला प्रतिशब्द 'सार्थक', पण बोलण्यात आपण 'जन्माचं सार्थक झालं' म्हणतो. 'त्रुटी' म्हणजे कुणाचं तरी चुकलं. 'रँडम' हा शब्द आता बोलीत 'कसाही, हाताला लागेल तो' अशा अर्थाने रुळला आहे, आणि यादृच्छिक नमुना तर काटेकोर पद्धतीनेच काढावा लागतो. परिभाषा घडवणाऱ्यांनी काही ठिकाणी ही खबरदारी घेतली आहे: 'नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन'साठी 'प्रसामान्य वितरण' असा थोडा अवघड शब्द केला, म्हणजे 'सामान्य'शी गल्लत व्हायला नको. पण विद्यार्थी परिभाषाकोश उघडत नाही. तो मनात जो शब्द आधी येतो तो धरतो.

द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संवादाची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला होता. पहिली लवकर येते, दुसरीला वर्षं लागतात, आणि पहिली चांगली दिसली की शिक्षक फसतो. मी नेमकी तशी फसले होते. चॅटमधलं चटपटीत इंग्रजी बघून मी वेग वाढवला होता.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. प्रत्यक्ष वर्गात शेजारच्या बाकावरचा मित्र हा अर्धा शिक्षक असतो. "काय म्हणाल्या गं मॅडम?" एवढ्या कुजबुजीत भाषांतर होतं, उदाहरण मिळतं, आपल्यालाच कळलं नाही ही लाजही जाते. वर्षानुवर्षं मी "शांत बसा" म्हणत आले, आणि त्या कुजबुजीत माझंच काम कुणीतरी फुकट करत होतं. ऑनलाइन वर्गात सगळे म्यूट. शेजारीच नाही, तर कुजबुजणार कोणाशी?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय इंग्रजीचा जादा तास. विभागातल्या ज्येष्ठांचा कल याकडे होता. पण सहापैकी दोघांनाच त्याचा उपयोग झाला असता, आणि तोही हे सत्र संपल्यावर.

दुसरा पर्याय मोहात पाडणारा होता: मला येणाऱ्या दोन भाषांत अधूनमधून समजावून सांगायचं. विद्यार्थ्यांनीच मागणी केली होती. ३१ जणांची सोय झाली असती. उरलेले १६ जण मात्र अशा वर्गात बसले असते जिथे शिक्षिका इतरांना दोनदा सांगते आणि त्यांना एकदा. एका तासाला मी ते करून पाहिलं. चार मिनिटं मी इंग्रजी सोडून बोलले, आणि तेवढ्यात पाच जणांच्या गटातले तिघे वर्गातून बाहेर पडले. योगायोग असेलही. पण मी तो पर्याय तिथेच सोडला.

तिसरा, स्लाइडची यंत्रभाषांतरं. माझ्या दोन भाषांत करून पाहिली. सलग मजकूर चालण्याजोगा होता, पण गडबड नेमकी संज्ञांवर होती. यंत्रालाही रोजच्या वापरातला शब्दच आधी सुचत होता, म्हणजे तिसऱ्या गटाची चूक मीच छापून वाटली असती. आपोआप उमटणाऱ्या इंग्रजी कॅप्शनचं तेच: साधी वाक्यं बरोबर, आणि 'नल हायपोथेसिस'चं (शून्य परिकल्पनेचं) 'नाऊ हायपोथेसिस'. कॅप्शन ठेवल्या. संज्ञा मात्र आधी चॅटमध्ये टंकून मग उच्चारायची सवय लावून घेतली.

चौथा पर्याय म्हणजे कुजबूज परत आणायची. विचार आपल्या भाषेत, निष्कर्ष सगळ्यांच्या भाषेत. ही कल्पना नवी नाही. वेल्समध्ये शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी वेल्श आणि इंग्रजी वर्गांसाठी असंच काहीसं मांडलं होतं: एका भाषेत वाचायचं आणि दुसरीत लिहायचं, म्हणजे मधे अर्थ पचवावाच लागतो. त्यासाठी त्यांनी वेल्शमध्ये केलेल्या शब्दावरूनच पुढे 'ट्रान्सलँग्वेजिंग' हा शब्द रूढ झाला. फरक एवढाच की तिथे भाषा दोन होत्या आणि शिक्षकाला दोन्ही येत होत्या.

काय केलं

पाचव्या आठवड्यापासून प्रत्येक तासाला एक प्रश्न ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांत, दिला. दहा मिनिटं हव्या त्या भाषेत चर्चा, मग पाच मिनिटांत सामायिक दस्तऐवजात इंग्रजीत चार ओळी आणि एक न सुटलेली शंका. शंका सक्तीची होती. "शंका नाही" हे उत्तर चालणार नव्हतं.

सोबत एक सामायिक तक्ता उघडला. संज्ञा आणि पाच भाषांचे पाच रकाने. सुरुवातीला त्यात प्रतिशब्द भरले गेले आणि तो नुसता छोटा शब्दकोश झाला. दोन तासांनी मी प्रश्न बदलला: हा शब्द घरी कशासाठी वापरता, आणि इथे तो अर्थ का चालत नाही? मग तक्ता जिवंत झाला. 'त्रुटी'समोर कुणीतरी लिहिलं, "इथे कुणाचंही चुकलेलं नाही. वेगवेगळे नमुने घेतले तर सरासरी किती इकडेतिकडे होईल, त्याचं माप." पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा मला ही आवडली.

"समजलं ना?" हा प्रश्न मी बंद केला. त्याजागी बहुपर्यायी मतदान, आणि त्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच चाचणीतून उचललेले. शिवाय थांबायला शिकले. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी उत्तरांची लांबी आणि दर्जा बदलतो. हे निरीक्षण प्रत्यक्ष वर्गांमधलं. ऑनलाइन वर्गात आवाज पोचायला लागणारा वेळ, मनातल्या भाषांतराचा वेळ आणि म्यूट काढण्याचा वेळ धरला तर तीन सेकंदांत काही होत नाही. मी मनात पंधरा मोजायचे. उत्तर टंकून ठेवा, पण मी सांगेपर्यंत पाठवू नका, असाही नियम केला. एरवी पहिलं उत्तर पडलं की बाकीचे हात आखडते घेतात.

निर्णयाचे प्रसंग

पहिला प्रसंग गट पाडण्याचा. मी प्रवेश अर्जातली मातृभाषा बघून स्वतः गट पाडले. कार्यक्षम वाटलं. त्याच संध्याकाळी एका विद्यार्थिनीचा संदेश आला: "मॅडम, ही भाषा मी घरी बोलते, पण तिच्यात मी कधी गणित केलेलं नाही." तिची शाळा वेगळ्या भाषेत झाली होती. ज्या भाषेत तिने लहानपणी भागाकार शिकला, तीच तिची या विषयाची भाषा. अर्जावरचा रकाना मला हे सांगू शकत नव्हता, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. पुढच्या तासापासून रूम विद्यार्थ्यांनी स्वतः निवडायच्या असं ठरवलं आणि इंग्रजीची एक मिश्र रूम ठेवली. सात जणांनी अर्जापेक्षा वेगळी रूम निवडली. शेजारी कोण हवा हे बाकावरही मुलंच ठरवतात, हे मी विसरले होते.

दुसरा प्रसंग माझ्या हजेरीचा. रूममध्ये शिरले की चर्चा थांबायची आणि कुणीतरी घाईघाईने इंग्रजीत बोलू लागायचं. म्हणून मी बाहेर राहायचं ठरवलं. हात वर केला तरच जायचं. त्याची किंमत दोन आठवड्यांनी कळली. एका रूममधल्या नऊच्या नऊ जणांनी मतदानात एकच चुकीचा पर्याय निवडला. त्यांच्यातल्या एका आत्मविश्वासू विद्यार्थ्याने पी-मूल्याचा चुकीचा अर्थ इतका सुरेख समजावला होता की सगळ्यांना पटला. भाषा मला येत नव्हती, त्यामुळे मी आत असते तरी मला कळलं नसतं. मतदानातल्या फसव्या पर्यायांनी तो घोटाळा पकडला. तेव्हापासून रूममधून बाहेर आल्यावर ताबडतोब मतदान, हा क्रम मी मोडला नाही.

तिसरा प्रसंग लेखनिकाचा. प्रत्येक रूममध्ये इंग्रजी बरं असलेला एक जण आपोआप दुभाषा झाला. आठव्या आठवड्यात त्यातलाच एक म्हणाला, "मॅडम, बाकीचे विचार करतात तेव्हा मी वाक्यं जुळवत असतो. माझी स्वतःची शंका राहूनच जाते." तोपर्यंत मी या मुलांना मनातल्या मनात 'मदतनीस' म्हणत होते आणि खूश होते. मग लिहिण्याची पाळी लावली. ज्याची पाळी असेल त्याने तुटक शब्द लिहिले तरी चालतील, व्याकरणाला गुण नाहीत, आणि वाक्य नीट करायचं ते बाकीच्यांनी. चार ओळींचा दर्जा घसरला. मजकूर बघवत नव्हता, पण शंकांची संख्या आणि खोली वाढली.

चौथा निर्णय माझ्या मते चुकला. अंतर्गत मूल्यमापनात मी ध्वनिसंदेश घातला: हव्या त्या भाषेत दोन मिनिटं स्पष्टीकरण, सोबत इंग्रजीत पाच ओळींचा सारांश. मला न येणाऱ्या भाषांतले संदेश वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले. त्यांना गुणदानाचे निकष दिले, एकदा एकत्र बसून दोन नमुने तपासले. एवढं पुरेसं नव्हतं. एका भाषेतले गुण सरसकट कडक आले, दुसऱ्या भाषेतले सढळ. दोन विद्यार्थ्यांनी हरकत घेतली आणि त्यांचं बरोबर होतं. नवव्या आठवड्यात मी त्या भागाचे गुण रद्द करून ते इतर घटकांत वाटले. मग ज्यांनी संदेशावर मनापासून मेहनत घेतली होती, ते नाराज झाले. त्यांचंही बरोबर होतं.

यात एक अनपेक्षित गोष्टही घडली. कमकुवत जोडणीमुळे काही जण रूममध्ये पोचायचेच नाहीत आणि मुख्य खोलीत माझ्यासोबत अडकायचे. आधी मी हे तांत्रिक बिघाड म्हणून टिपून ठेवत होते. मग लक्षात आलं, की सगळ्यात मोकळे प्रश्न मला त्या अडकलेल्यांकडूनच येत होते. दोघातिघांत बोलायला त्यांना संकोच नव्हता. नंतर काही जण मुद्दाम अडकू लागले असा मला संशय आहे.

परिणाम

अकराव्या आठवड्यात पी-मूल्याचाच प्रश्न वेगळ्या आकड्यांनी पुन्हा दिला. बरोबर अर्थ सांगणारे आता निम्म्याहून बरेच जास्त होते. "निकाल महत्त्वाचा आहे" हे उत्तर जवळजवळ गेलं. "परिकल्पना खरी असण्याची शक्यता" हे मात्र टिकून राहिलं, सगळ्या रूममध्ये थोडं थोडं. या सुधारणेचं श्रेय रूमना द्यायचं की तीच गोष्ट सहा आठवडे घोटल्याला, हे मी सांगू शकत नाही. नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी रूमशिवाय शिकलेला वर्ग, नव्हता, आणि हाच विषय शिकवणाऱ्या बाईने हे विसरून चालणार नाही.

अंतिम परीक्षा इंग्रजीतच झाली. सत्राच्या मध्यावर एकाने मला रोखठोक विचारलं होतं, "परीक्षा इंग्रजीत आहे, मग आमच्या भाषेत बोलून आमचा वेळ का घालवता?" तेव्हा मी संकल्पना पक्की होते वगैरे काहीतरी बोलले. आज मी त्याला दस्तऐवजातल्या चार ओळी दाखवेन. परीक्षेची खरी तयारी तिथे होत होती, आपल्या भाषेतून इंग्रजीकडे परत येण्याच्या त्या पाच मिनिटांत. मी या परतीच्या वाटेला फार कमी वेळ दिला. दहा मिनिटं चर्चा आणि पाच मिनिटं लेखन याऐवजी उलट हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या तासाला तीन प्रश्न विचारायला हवे होते: शाळेत गणित कोणत्या भाषेत केलं, वहीत टिपणं कोणत्या भाषेत काढता, शंका विचारायची तर कोणत्या भाषेत विचाराल? तीन प्रश्न, दोन मिनिटं. माझे चार आठवडे वाचले असते. आता मी मातृभाषा विचारतच नाही.

ध्वनिसंदेश ठेवले असते, पण गुणांशिवाय. जे मला पडताळता येत नाही त्याला गुण द्यायचे नाहीत, हे तेव्हाही मला माहीत होतं. गुण नसतील तर मुलं करणार नाहीत, या भीतीने मी ते केलं. आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांकडून काम करून घेतलं ते मोबदला किंवा श्रेयांक न देता. पुन्हा तसं करणार नाही.

सगळ्यात अपुरी राहिली ती दोघांच्या गटाची बाजू. त्यातला एक पहिल्याच दिवशी मिश्र रूममध्ये गेला आणि तिथे रमला. दुसरी उरली. आपल्या भाषेची रूम उघडली तर ती एकटी, मिश्र रूममध्ये गेली तर सगळ्यांसारखी नाही. ती कधी इकडे, कधी तिकडे जात राहिली. तक्रार केली नाही, म्हणून मीही विचारलं नाही. तिच्या भाषेतल्या वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्याशी आठवड्यातून पंधरा मिनिटं गाठ घालून देणं मला सहज जमलं असतं. हे सुचलं ते सत्र संपल्यावर, संज्ञांचा तक्ता पुढच्या तुकडीसाठी नीट करताना. चार रकाने गजबजलेले, खोडाखोड, एकमेकांना दुरुस्त्या. पाचव्या रकान्यात अकरा नोंदी, सगळ्या तिच्याच, सगळ्या रात्री उशिरा केलेल्या. शेवटच्या नोंदीपुढे तिने प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं. आठवा आठवडा होता तो. ते प्रश्नचिन्ह तसंच होतं.